मोरोक्कोहून येताना काय आणावं? (आणि काय अजिबात आणू नये)

सांडगी_मिरची
एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोरोक्कोला निघालोय. नवरा, मी आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत). कासाब्लांकाला उतरून फेझ, मग मर्झुगाचं वाळवंट, मराकेश आणि शेवटचे दोन दिवस एस्सावीरा. फिरण्याचं सगळं ठरलंय. अडलंय ते वेगळ्याच जागी.

परत आल्यावर १४ घरी काहीतरी द्यायचंय. शोकेसमध्ये आधीच एक आयफेल टॉवर, हॉलंडचे लाकडी जोडे आणि एक कोआला धूळ खात बसलेत, त्यात आता उंट नको. वस्तू तिथलीच वाटली पाहिजे, इथे वापरली गेली पाहिजे आणि माणशी २३ किलोत बसली पाहिजे. जाऊन आलेल्यांनी सांगा.

फ्रिज मॅग्नेट सुचवू नये. आमच्या फ्रिजचं दार हल्ली त्यांच्या वजनाने आपोआप उघडतं.

दीड_शहाणा
फ्रिज मॅग्नेट.

खानावळ_नंबर_पाच
खायचं आणा, उरतच नाही. कपाटाचा प्रश्नच मिटला.

पहिला नंबर रास एल हानूतचा. शब्दशः अर्थ ‘दुकानाचं डोकं’, म्हणजे दुकानदाराकडचा सगळ्यात वरचा माल. आपल्याकडे जसा प्रत्येक घरचा गोडा मसाला वेगळा आणि प्रत्येकीला आपलाच खरा वाटतो, तसा तिथे प्रत्येक मसालेवाल्याचा रास एल हानूत वेगळा. दालचिनी, जायपत्री, वेलदोडा, जायफळ, सुंठ, वाळवलेल्या गुलाबकळ्या, काही जण वीस-पंचवीस जिन्नस घालतात. मराकेशला राहबा कदीमा चौकात मसाल्याचे टोकदार मनोरे रचून ठेवलेले दिसतील. ते फोटोसाठी. उघड्यावर उन्हात बसून वास उडालेला असतो. आत जाऊन सबंध जिन्नस दाखवायला सांगायचे आणि समोर दळून घ्यायचं.

दुसरं अमलू. भाजलेले बदाम, आर्गन नावाच्या तिथल्या झाडाच्या बियांचं तेल आणि मध एकत्र वाटलेलं. पोळीला लावून खाल्लंत तर बरणी १४ घरांपर्यंत पोचणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

खारवलेली लिंबं मात्र आणू नका. नुसतं लिंबू आणि मीठ. घरी महिन्याभरात होतात, आणि त्यात गर टाकून साल खायची असते. आमच्या आत्याला बरणी दिली तर तिने चाखून ‘लोणचं फसलंय, मसाला घालायचा राहिला’ म्हणून वर मोहरीची फोडणी दिली.

माघी
पण वेलदोडे, सुंठ आपल्या केरळातून जगभर जायचं आणि आपण ते मोरोक्कोहून पिशवीत घालून परत आणायचं? म्हणजे कोकणात नारळ नेण्यातलाच प्रकार.

खानावळ_नंबर_पाच
@माघी, जिन्नस आपले, हात त्यांचा. कोल्हापूरचं वांगं पुण्याच्या मंडईतून घेताना विचार करता का एवढा?

कोरडवाहू
केशराबद्दल सांगायला आलोय. हात पोळलेत.

दोन वर्षांमागं ऑफिसच्या कामानं गेलो होतो. बाजारात एकानं मूठभर केशर दाखवलं, भाव ऐकून मी मनात म्हटलं लॉटरी लागली. ५० ग्रॅम घेतलं. घरी सोलापूरला आणून वडलांच्या हातात पुडी दिली. त्यांनी चष्मा लावला, दोन पाकळ्या चिमटीत धरल्या, तळहातावर चोळल्या आणि म्हणाले, “हे करडईचं फूल हाय की रं. आपल्या बांधावर पोतंभर पडलंय. इमानातनं आणलास?”

तेव्हापासून घरात माझं नाव काढलं की आधी करडई निघते.

ओळखायचं असं : खऱ्या केशराची काडी एका टोकाला पसरट, तुतारीसारखी असती. कोमट पाण्यात टाकली तर रंग सावकाश सुटतो, पाणी पिवळं होतं आणि काडी दहा-पंधरा मिनिटांनंतरही लालच राहती. करडईची पाकळी टाकल्या टाकल्या रंग सोडून फिकी पडती. दुकानात वाटीभर पाणी मागायला लाजू नका. मोरोक्कोत चांगलं केशर होतं, नाही असं नाही. दक्षिणेला तालिउइन नावाचं गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण चांगलं केशर तिथंही ग्रॅमवर विकतात. मुठीनं विकत असला तर हात जोडून पुढं चालायचं.

दीड_शहाणा
@कोरडवाहू, वडलांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

बॉबिन
केशरावरून आठवलं. ‘कॅक्टस सिल्क’ किंवा ‘साब्रा’ म्हणून चकचकीत उशांचे अभ्रे, स्टोल आणि शाली सगळीकडे टांगलेल्या दिसतील. दुकानदार सांगणार की वाळवंटातल्या निवडुंगापासून धागा काढतो. एखादा बाहेर पडलेलं पान तोडून त्यातले तंतू ओढूनही दाखवेल. नाटक छान असतं.

आम्ही इचलकरंजीचे. तीन पिढ्या सूत हाताळण्यात गेल्यात. मी दुकानात एक धागा मागून काडी लावली. कागदासारखा भुरूभुरू जळला, वासही कागदाचा, राख मऊ. रेयॉन. शेजारच्या दुकानातला धागा वितळून त्याची कडक काळी गोळी झाली. पॉलिएस्टर. दुकानदार आधी चिडला, मग त्याला कळलं की मी धंद्यातला आहे, मग चहा आला आणि तासभर आम्ही सुताच्या भावावर बोललो. त्याला फ्रेंच येत होतं, मला इचलकरंजीचं हिंदी.

रेयॉनला मी नावं ठेवत नाही, आमचं घर त्यावर उभं आहे. विणकाम बऱ्याचदा सुंदर असतं, रंगही. आवडलं तर जरूर घ्या. फक्त रेशमाचे पैसे देऊ नका.

माघी
घासाघीस करावी की नाही यावर इथल्या जाणकारांचं मत काय? मला स्वतःला लाज वाटते. विमानतळावर आपण दोनशे-तीनशे रुपयांची कॉफी मुकाट्याने पितो आणि हाताने काम करणाऱ्या माणसाशी वीस दिऱ्हमसाठी भांडतो. एका दिऱ्हमचे नऊ-दहा रुपये होतात, म्हणजे भांडण दोनशे रुपयांचं.

तुळशीबागकर_सून
@माघी, लाज कसली? तिथे भाव हा बोलण्याचा विषय असतो. पहिल्या आकड्याला हो म्हणालात तर विकणाऱ्यालाच चुटपुट लागते की अजून सांगायला हवं होतं. तुळशीबागेत क्लिप घेताना आपण काय करतो? मान हलवायची, वस्तू खाली ठेवायची, दोन पावलं चालायची. तंत्र तेच, फक्त ‘किती’च्या जागी ‘बश्हाल’ आणि ‘फार होतात’च्या जागी ‘ग़ाली बज़्ज़ाफ’. ‘ला शुक्रन’ पाठ करा, दिवसातून दोनशे वेळा लागेल.

मात्र एक नियम पाळायचा. आपण सांगितलेल्या भावाला तो तयार झाला तर घ्यायचंच. तिथून पळ काढणं हे खरं लाजिरवाणं.

माघी
पण त्या भावातलं कारागिराला किती आणि दुकानदाराला किती, हे कुठे कळतं? घासलेले पैसे कुणाच्या खिशातून जातात ते सांगा.

तुळशीबागकर_सून
ते तुळशीबागेत तरी कुठे कळतं!

माघी
तेच तर म्हणतेय.

कसबा_पेठी
मराकेशला मुहम्मद पाचवे यांच्या नावाच्या मोठ्या रस्त्यावर ‘आँसाँब्ल आर्टिझानाल’ म्हणून सरकारी हस्तकला संकुल आहे. भाव ठरलेले, कारागीर तिथेच काम करत बसलेले. आधी तिथे चक्कर मारा, वहीत आकडे टिपा, मग बाजारात शिरा. माघींचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, पण निदान आपल्याला आकड्याचा अंदाज येतो.

आता माझा विषय. फेझच्या जुन्या गावात सफ्फारीन चौक आहे, अल-करावियीन विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लागून. तांब्यापितळेचं काम. गल्लीत वळायच्या आधीच ठोक्यांचा आवाज येतो. मी लहानपणी तांबट आळीतून शाळेत जायचो, त्यामुळे पाय आपोआप मंदावले. पण ठोका वेगळा आहे. आपल्याकडे घडवलेल्या भांड्यावर मठारकाम करतात तो एकसारखा, घट्ट ठोका. तिथे दोघं समोरासमोर बसून एकाच पातेल्यावर आळीपाळीने मारत होते आणि मध्येच एकाने लय बदलली की दुसरा हसायचा.

चहाची किटली घ्यायची असेल (तिथे ‘बर्राद’ म्हणतात) तर हे बघा : झाकणाची बिजागरी डुगडुगते का, चोचीत जाळी आहे का, आणि आतून काय लावलंय. पाणी भरून ओतून दाखवायला सांगा. धार वरून धरली तरी फुटता कामा नये, कारण सगळा डौल त्या उंचावरून ओतण्यातच आहे. पातळ पत्र्याच्या किटल्या फक्त शोभेच्या. रोज गॅसवर ठेवायची तर जड स्टीलची घ्या. दिसायला थोडी कमी, पण तिथल्या घरांत मी तीच पाहिली.

दीड_शहाणा
आणि चहा कुठला, ते सांगितलं नाहीत.

कसबा_पेठी
चिनी. हिरव्या पत्तीच्या गोळ्या, ‘गनपावडर’. चीनचा चहा मोरोक्कोहून भारतात आणणं ज्यांना जमत असेल त्यांनी आणावा. मी आणला.

आंबोळी
चामड्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. फेझला शुआरा टॅनरी बघायला नेतील. दुकानाच्या गच्चीवरून खाली रंगांचे गोल हौद दिसतात. वर चढताना हातात पुदिन्याची काडी देतात, ती नाकाशी धरायची, कारण कातडी मऊ करायला चुना आणि कबुतराची विष्ठा वापरतात. गच्ची फुकट, पण उतरायचा जिना दुकानातूनच जातो. जिना लांब आहे.

आम्ही तिथून दोन पूफ (बसायचे गोल चामडी तक्के) आणि पाच जोड बाबूश (चामडी सपाता) आणले. पूफ रिकामेच मिळतात, घडी करून बॅगेत बसतात, घरी येऊन जुन्या साड्या भरायच्या. झकास. मे महिनाभर पाहुणे त्यावर बसून कौतुक करत होते.

मग पाऊस आला. आमचं घर कुडाळजवळ. जुलैत एक दिवस पूफवर पांढरी लव दिसली, ऑगस्टमध्ये ती हिरवी झाली. पिवळ्या बाबूशने पाहुण्यांचे मोजेही पिवळे केले आणि फरशीही. आता ते जोडे माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत आहेत आणि पिशवी उघडायचं धाडस कुणी करत नाही. कोकणात राहणाऱ्यांनी चामडं आणू नये, सोलापूर-नगरकडच्यांनी खुशाल आणावं. घ्यायचंच तर पांढरा रुमाल ओला करून चामड्यावर घासून बघा. रंग उतरला तर ठेवून द्या.

कोल्हापुरी वहाणांना असं का होत नाही, असा प्रश्न नवऱ्याने विचारला. होतं की. आपण त्या पावसात घालत नाही, इतकंच.

पणजेकार
मी फेझच्या कुंभारांकडून चार झेलीज फरश्या आणल्या. हाताने छिन्नीने तासलेले तुकडे जुळवून करतात, एकही रेघ सरळ नसते आणि तरी नक्षी चुकत नाही. पुढे बसलेला म्हातारा मांडीवर लोखंडी ऐरण घेऊन जड हातोड्याने नखाएवढा तारा तासत होता, माझ्याकडे बघत, हाताकडे नाही.

सांगण्यासारखी गोष्ट ही की आमच्या पणजीत फोंतेन्यासमधल्या घरांवर ज्या निळ्या-पांढऱ्या टाइल दिसतात त्यांना पोर्तुगीज ‘अझुलेजु’ म्हणतात, आणि तो शब्द अरबीतल्या ह्याच ‘झुलैज’वरून आलेला. आम्ही इतकी वर्षं समजायचो निळ्याला ‘अझुल’ म्हणतात म्हणून. माझ्या फरश्या आता गरम टोप ठेवायला आहेत. वजन चारांचं अडीच किलो, बायको अजून बोलून दाखवते.

दगडगोटे
मर्झुगाला जाताना वाटेत एर्फूद लागेल. तिथे जीवाश्मांची दुकानं. काळ्या दगडात पांढऱ्या निमुळत्या शिंपल्यांच्या (ऑर्थोसेरास) बशा, साबणदाण्या, टेबलं. हे सहसा खरे असतात, साधारण ३६ ते ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले. आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींचा, म्हणजे त्या मानाने कालचं पोर, आणि लाव्हारसाचा असल्याने त्यात असले जीव मिळणारही नाहीत. म्हणून मला ती साबणदाणी अप्रूपाची वाटते.

ट्रायलोबाइट (समुद्रातल्या किड्यासारख्या प्राण्याचा जीवाश्म) मात्र जपून. काटे फार सुंदर, फार पूर्ण आणि भाव फार कमी असेल तर तो राळेत ओतलेला. भिंगातून बघा, बारीक बुडबुडे दिसतात.

झिपरी
साबणदाणीसाठी ४० कोटी वर्षं वाट पाहिली बिचाऱ्याने.

वाटाड्या_नव्हे
अवांतर : इजिप्तला पपायरसवरचं चित्र घेतलं होतं. दोन महिन्यांत घडीवर तुटलं. नंतर कळलं, केळीचं पान.

झिपरी
जळगावात स्वस्त पडलं असतं.

राबातची_पाहुणी
कामानिमित्त तीन वर्षं तिथल्या राजधानीत, राबातला काढली. धागा वाचून राहवलं नाही.

एक शब्द शिकून जा : ‘बेल्दी’. कोंबडी बेल्दी, लिंबू बेल्दी, साबण बेल्दी, गालिचा बेल्दी. म्हणजे आपलं गावठी, अगदी त्याच अभिमानाने म्हटलेलं. आणि उलट ते ‘रूमी’, म्हणजे रोमकडचं, परकं, कारखान्यातलं. आपण नाही का विलायती चिंच म्हणतो? दुकानात वस्तू हातात घेऊन ‘हादा बेल्दी?’ विचारलंत की दोनच गोष्टी घडतात. एक तर तो आतून दुसरी वस्तू काढतो, किंवा हसतो. दोन्हीतून उत्तर मिळतं.

माझी यादी छोटी आहे. काळा साबण (‘साबून बेल्दी’, ऑलिव्हचा, लोण्यासारखा मऊ) आणि सोबत खरखरीत केस्सा हातमोजा. हम्माममध्ये बाई त्याने असं काही घासते की अभ्यंगस्नानाचं उटणं म्हणजे लाड वाटावेत. वजन नाही, फुटत नाही, भाव फार नाही, आणि पुढच्या दिवाळीच्या पहाटे वापरता येतो. १४ घरांचा प्रश्न इथेच सुटला बघा.

आर्गन तेल घ्यायचं तर दोन प्रकार लक्षात ठेवा : खायचं भाजलेल्या गरापासून, गडद आणि दाण्याच्या कुटासारख्या वासाचं. अंगाला लावायचं न भाजता काढलेलं, फिकं, जवळजवळ बिनवासाचं. एक लिटरला तीसेक किलो फळं लागतात आणि कवच अजूनही बायका दगडावर दगडाने फोडतात, त्यामुळे रस्त्यावरची स्वस्त बाटली म्हणजे दुसरंच तेल. वाटेत आर्गनच्या झाडावर चढलेल्या शेळ्या दिसतील. शेळ्या खरंच चढतात, पण हमरस्त्यालगत प्रत्येक फांदीवर एक अशी मांडून ठेवलेली असली तर ते फोटोच्या पैशांसाठी.

आणि ताजीन, म्हणजे उंच टोकदार झाकणाचं भांडं. रंगीबेरंगी नक्षीचं फक्त वाढायला. शिजवायला साधं मातीचं, रात्रभर भिजवून मंद आचेवर. पण विमानातून नेण्याइतकं प्रेम असेल तरच.

जाता जाता : उरलेले दिऱ्हम तिथेच बदलून घ्या. बाहेर फारसं कुणी घेत नाही.

दीड_शहाणा
म्हणजे शेवटी साबण. एवढ्या लांब जाऊन.

सांडगी_मिरची
आलो परत! धागा छापून नेला होता, सासूबाईंनी विमानात दोनदा वाचला आणि वर पेनाने खुणा केल्या.

हिशेब देते. काळा साबण आणि केस्सा १४ जोड्या, राबातची_पाहुणी यांना १४ घरांकडून धन्यवाद. केशर तीन ग्रॅम. पाण्याची वाटी मागितल्यावर दुकानदार म्हणाला, “इंडिया? शाहरुख खान!” आणि वाटी लगेच आणली. काडी लाल राहिली. किटली जड स्टीलची, नवऱ्याने तीन दुकानांत पाणी ओतून घेतलं, तिसऱ्यात स्वतःच्या बुटात. अमलू विमानतळापर्यंत पोचलं नाही. आर्गनची एक बाटली बॅगेत सांडली, माझे दोन कुर्ते आता आयुष्यभर मऊ राहतील. एस्सावीराला थुया लाकडाची एक डबी घेतली, उघडली की देवळातल्यासारखा वास येतो. तिच्यात हळदकुंकू गेलंय.

खरी गंमत मराकेशला झाली. गालिचे घ्यायचे नाहीत हे ठरलं होतं. तरी एका दुकानात बसवलं, चहा आला, वीस-बावीस गालिचे उलगडले. बेनी उराइन टोळ्यांचे पांढरे, जाड, लोकरीचे, किमती ऐकून नवरा चहात बघत राहिला. सासूबाई गप्प. मग त्याने एक चिंध्यांचा काढला. लाल, हिरवा, जांभळा, कुठे चकचकीत जर. म्हणाला, “बूशरूइत.” जुने कपडे फाडून पट्ट्या करायच्या आणि मागावर गाठी मारत विणायच्या. लोकर परवडेना तेव्हा बायकांनी घरासाठी केलेलं काम, आता परदेशी लोक भिंतीवर लावतात.

सासूबाई खुर्चीतून उठल्या (गुडघे विसरून) आणि जमिनीवर बसल्या. गालिचा उलटा केला. मागून बोट फिरवत गेल्या. “हे गंजीफ्रॉकचं. हे कुणाचं तरी पोलकं. ही बघ, ही पायजम्याची नाडी.” मी म्हटलं, आपली वाकळ. तर म्हणाल्या, “वाकळ शिवायची असते, ही विणलीय. आणि बाई डावखुरी असणार, गाठी सगळ्या उलट्या पडल्यात.”

भाव त्यांनीच केला. मराठीत. तो १८०० म्हणाला, त्यांनी चार बोटं दाखवली. तो छातीवर हात ठेवून मागे कोसळला. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि उठू लागल्या. ७०० ला ‘साफी’ झालं. पैसे देताना त्यांनी त्याला नाडी दाखवून काहीतरी विचारलं, त्याने आतून एका बाईला हाक मारली. ती त्याची आई. ती आली, नाडी बघितली आणि लाजून जी हसायला लागली ती थांबेचना. काय ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता तो सासूबाईंच्या शिलाई मशिनखाली आहे. त्यावर दुसऱ्या कुणी पाय द्यायचा नाही.

माघी
७०० मधले त्या आईला किती मिळाले असतील?

सांडगी_मिरची
@माघी, पैसे तिनेच मोजून घेतले. मुलाच्या हातातून काढून.

बॉबिन
मागच्या बाजूचा फोटो टाका की.

सांडगी_मिरची
टाकला. डाव्या कोपऱ्यात हिरवं आहे ते टॉवेलचं, असं मी म्हणते. सासूबाई म्हणतात स्वेटर उसवून.

बॉबिन
मोठा करून पाहिला. स्वेटर. आणि गाठींचंही त्यांचं बरोबर आहे.